जोडप्राण्यांचे खेळ आणि त्यांचा हक्क

पोकेमॉन या जपानी खेळाची पहिली आवृत्ती २७ फेब्रुवारी १९९६ रोजी गेम बॉय या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी बाजारात आली. तिच्या कथानकात सेरुलिअन नगराच्या उत्तरेस समुद्रकाठी एक लहानसे घर लागते. तेथे राहणारा बिल नावाचा संशोधक स्वतःच्याच स्थलांतर-यंत्राच्या प्रयोगात फसून एका पोकेमॉनशी, म्हणजे त्या खेळातल्या एका काल्पनिक प्राण्याशी, देहाने एकजीव झालेला असतो, आणि खेळाडूने येऊन यंत्र चालवून दिले म्हणजेच त्याला मनुष्यरूप परत मिळते. प्रसंग छोटा, काही मिनिटांत आटोपणारा. पण दोन जीव एका देहात मिसळले तर काय होईल, हा प्रश्न मूळ कृतीनेच आपल्या पहिल्या भागात विचारला होता आणि विचारून अर्ध्यावर सोडून दिला होता, हे त्यावरून निर्विवाद ठरते. पुढे त्या खेळाच्या चाहत्यांनी, कोणाच्याही आज्ञेवाचून आणि मोबदल्यावाचून, तो प्रश्न हाती घेतला व त्यातून जोडप्राण्यांच्या खेळांचा एक स्वतंत्र प्रकार उभा केला. या प्रकारात आजवर काय घडले, त्यातले मोलाचे कोणते आणि टाकाऊ कोणते, आणि दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर वसलेल्या या वस्तीला तेथे राहण्याचा काही हक्क पोहोचतो काय, याचा येथे सलग विचार करावयाचा आहे.

जोडप्राणी ही कल्पना भारतीय वाचकास अपरिचित नाही. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ आणि गंडभेरुंड कोरलेले आहेत. नरसिंह आणि गजानन ही तर नित्य पूजेतली रूपे. परंतु या विषयाच्या मर्माशी सर्वांत जवळ जाणारे उदाहरण ओडिशातील आहे. सारळादासाच्या ओडिआ महाभारतात अर्जुनासमोर नवगुंजर नावाचा एक प्राणी उभा राहतो. त्याचे मस्तक कोंबड्याचे, मान मोराची, वशिंड बैलाचे, कटी सिंहाची, शेपूट सर्पाचे, आणि पाय निरनिराळ्या पशूंचे असून त्यांतला एक अवयव मात्र कमळ धरलेला मानवी हात असतो. अर्जुन धनुष्य उचलतो, तो हात पाहतो, आणि हा साक्षात् कृष्ण आहे हे ओळखून धनुष्य खाली ठेवतो. नऊ अवयवांची ही जुळणी केवळ विचित्र ठरत नाही, कारण एक अर्थ त्या सर्वांतून आरपार गेलेला आहे; त्या अर्थास मी येथे सूत्र म्हणतो, आणि सूत्र असलेला संयोग व सूत्र नसलेली बेरीज यांतला भेद हाच या संपूर्ण आढाव्याचा निकष आहे.

खेळांच्या इतिहासात संयोगाची पद्धत पोकेमॉनहून जुनी. आया निशितानी यांच्या कादंबरीवर आधारलेला ‘मेगामी टेन्सेई’ हा खेळ १९८७ साली जपानात निघाला, आणि त्यात खेळाडू दैत्यांशी बोलणी करून त्यांना आपल्या पक्षात घेई व पुढे त्यांतल्या दोघांचा संयोग करून तिसरा मिळवी. या परंपरेत जगातील दैवतांची व भुतांची अफाट दफ्तरे उघडलेली आहेत. तिच्याच ‘पर्सोना’ या शाखेत बालीच्या नाट्यपरंपरेतील रांगडा आणि बारोंग या चिरवैऱ्यांच्या मिलनातून शिव प्रकट होतो, ही योजना हिंदू वाचकास चकित करणारी असली तरी तीत विचार आहे, हे मान्य केले पाहिजे, कारण विनाश व रक्षण यांचा संगम ज्या देवतेत होतो तीच तेथे निवडली आहे. १९९८ मध्ये आलेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट मॉन्स्टर्स’नेही दोन प्राण्यांच्या मीलनातून तिसरा जन्मास घालण्याची रीत लोकप्रिय केली. तथापि या दोन्ही ठिकाणी निष्पन्न होणारा तिसरा जीव निर्मात्यांनी आधीच रेखाटून कोष्टकात नोंदवून ठेवलेला असतो. जन्मदाते नाहीसे होतात, आणि अपत्याच्या चेहऱ्यावर त्यांची खूण राहीलच असे नाही. चाहत्यांना हवे होते ते याहून निराळे: दोघेही दिसावेत, दोघेही ओळखू यावेत, आणि तरी समोर उभा आहे तो एकच असावा.

याचे बीज मूळच्या १५१ प्राण्यांतच पेरलेले आहे. स्लोब्रो म्हणजे शेपटीस शिंपला चावून बसलेला स्लोपोक. मॅग्नेटॉन म्हणजे एकत्र आलेले तीन मॅग्नेमाइट. आणि पॅरासेक्ट तर कीटकाच्या पाठीवर वाढून अखेर त्याच्या देहाचा ताबाच घेणारी अळंबी, जिचे पूर्वरूप निसर्गात कीटकांवर जगणाऱ्या बुरशीत खरोखरच सापडते. हे प्राणी ज्यांच्या कल्पनेतून आले त्या सातोशी ताजिरी यांचे बालपण टोकियोच्या सीमेवरील माचिदा येथे कीटक गोळा करण्यात गेले होते, ही हकिकत प्रसिद्धच आहे. एका जिवावर दुसरा जीव कसा जगतो हे त्या छंदातून सहज दिसते. पुढे अधिकृत मालिकेनेही संयोगाला हात घातला, पण फार जपून. २०१२ च्या खेळांत ‘डीएनए स्प्लायसर्स’ नावाच्या वस्तूने क्युरेम हा ड्रॅगन दुसऱ्या एका ड्रॅगनशी जोडता येऊ लागला. २०१९ च्या ब्रिटनसदृश प्रदेशात घडणाऱ्या खेळांत चार जीवाश्मांचे तुकडे परस्परांशी भलत्याच रीतीने सांधून चार बेढब प्राणी उत्पन्न होतात, आणि त्यांत एकोणिसाव्या शतकातील इंग्रज संशोधकांनी पुराजीवांचे सांगाडे चुकीचे जुळवल्याच्या इतिहासाचे स्मरण आहे. अधिकृत संयोगांत मला हाच सर्वांत सखोल वाटतो, कारण त्या प्राण्यांचे दुःख, म्हणजे कोणाचे डोके कोणाच्या धडावर बसल्यामुळे होणारी त्यांची हालअपेष्टा, खेळातल्या प्राणिकोशाच्या नोंदींतही सांगितले आहे. परंतु मूठभर निवडक प्राण्यांपलीकडे मालिका गेली नाही.

चाहत्यांनी ही मर्यादा प्रथम एका साध्या गणिताने ओलांडली. पहिल्या १५१ प्राण्यांतील कोणत्याही दोघांचे चित्र संगणकाने आपोआप जोडून दाखविण्याची युक्ती निघाली; एकाचे मुख व रंग, दुसऱ्याचे धड, आणि नाव म्हणजे दोन्ही नावांच्या अर्ध्याअर्ध्या भागांचा सांधा. १५१ चा वर्ग २२,८०१, इतकी रूपे त्यातून एका झटक्यात निघाली. त्यांतली बहुसंख्य पाहून विसरण्याजोगी होती, आणि ते स्वाभाविकच होते. पण हजारो माणसांनी त्यांतून आपल्याला रुचलेली निवडून घेतली आणि हाताने पुन्हा रेखाटली, ही गोष्ट महत्त्वाची. यंत्राने केलेली बेरीज माणसाच्या हातून संयोग होऊ लागली ती तेथून.

या सर्व प्रयत्नांचा परिपाक म्हणजे ‘पोकेमॉन इन्फिनिट फ्यूजन’ हा खेळ. टोपणनावाने काम करणाऱ्या एका चाहत्याने तो ‘आरपीजी मेकर एक्सपी’ या तयार साधनावर आणि ‘पोकेमॉन एसेन्शियल्स’ या चाहत्यांनीच रचलेल्या पायाभूत संचावर बांधला, आणि गेल्या दशकभरात त्याची व्याप्ती सतत वाढत गेली. प्राण्यांची संख्या ४२० झाली तेव्हा शक्य संयोगांची संख्या १,७६,४०० वर पोहोचली, कारण कोण डोके आणि कोण धड याने येथे सर्व काही बदलते; त्यानंतरही भर पडतच राहिली. कथानक मूळचेच, कान्तो प्रदेशाचे आणि पुढे जोहतोचे. खेळाडू जुन्याच गावांतून जातो, जुन्याच जिम लीडरांशी, म्हणजे गावोगावच्या प्रमुख प्रतिस्पर्ध्यांशी, लढतो, पण समोरून येणारे प्राणी मात्र कधी न पाहिलेले असतात, आणि स्वतःच्या पक्षातले तर त्याने स्वतःच घडविलेले असतात.

या घडणीची रीत समजून घेतल्यावाचून या खेळाची थोरवी ध्यानात येणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. पोकेमॉनच्या देहाचे बळ सहा अंकांत मोजले जाते. संयोगात जीवनशक्ती, स्पेशल अटॅक व स्पेशल डिफेन्स या तिहींचे दोन-तृतीयांश डोक्याकडून आणि एक-तृतीयांश धडाकडून येतात. उलट अटॅक, डिफेन्स आणि वेग यांत धडाचा वाटा दोन-तृतीयांश. प्रकारांपैकी, म्हणजे टाईपांपैकी, पहिला डोक्याचा आणि दुसरा धडाचा. आता गेंगार हे चपळ भूत आणि स्नोरलॅक्स हा निद्रिस्त महाकाय, यांची जोडी घ्या. डोके गेंगारचे व धड स्नोरलॅक्सचे असेल तर जीवनशक्ती सुमारे ९३, स्पेशल अटॅक १०८ आणि वेग अवघा ५६ भरतो; उलट डोके स्नोरलॅक्सचे व धड गेंगारचे असेल तर जीवनशक्ती १२६, वेग ८३, आणि स्पेशल अटॅक मात्र ८६ वर येतो. द्रव्य तेच, क्रम बदलला, आणि दोन स्वभाव निर्माण झाले. प्रकारांचा विचार केल्यास फरक याहून मोठा आहे. पहिली जुळणी घोस्ट व नॉर्मल या प्रकारांची. घोस्टवर नॉर्मल आणि फायटिंग यांचा आघात लागू होत नाही, नॉर्मलवर घोस्टचा लागू होत नाही, आणि परिणामी या प्राण्यास केवळ डार्क या एकाच प्रकाराचे भय उरते. अधिकृत मालिकेत घोस्ट व नॉर्मल यांचा मेळ २०२२ मध्ये हिसुई प्रदेशातील झोरुआच्या रूपाने प्रथमच आला; चाहत्यांच्या या खेळात तो त्याच्या कितीतरी आधीपासून कोणालाही आपल्या हाताने घडविता येत होता.

याशिवाय संयोग केलेला प्राणी दोघांच्याही विद्या शिकू शकतो, दोघांपैकी कोणाची जन्मजात क्षमता राखावयाची हे ठरविण्याची मुभा खेळाडूस असते, घटक प्राण्याचा विकास व्हावयाचा असेल तर तो देहाच्या आतच होतो, आणि मन बदलल्यास दोघांना पुन्हा विलग करता येते. ही शेवटची सोय मला अत्यंत मोलाची वाटते. जुन्या पद्धतीत जन्मदाते कायमचे गमवावे लागत. येथे प्रयोग फसला तरी कोणाचा बळी जात नाही, म्हणून माणूस निर्भयपणे प्रयोग करतो, आणि निर्भय प्रयोगातूनच त्याची दृष्टी तयार होते.

परंतु अंकांनी प्राणी बलवान होतो, जिवंत होत नाही. तो जिवंत करण्याचे कार्य चित्रकारांनी केले. या खेळातील प्रत्येक प्राण्याची आकृती ९६ गुणिले ९६ ठिपक्यांच्या चौकटीत बसवावी लागते. चाहत्यांच्या भाषेत तिला स्प्राइट म्हणतात, आणि त्यांच्या एका मोठ्या समुदायाने वर्षानुवर्षे, एकमेकांचे दोष दाखवीत आणि सुधारीत, असे सहस्रावधी स्प्राइट हाताने काढून यंत्राच्या ओबडधोबड जुळणीच्या जागी बसविले आहेत. ठिपक्यांची ही कला बाहेरून सोपी दिसते. इतक्या लहान चौकटीत एक ठिपका इकडचा तिकडे झाला तर डोळ्यातला भाव बदलतो. रंगांची संख्या आवरती ठेवावी लागते. आणि प्रकाश कोठून पडतो याचे भान एका अवयवापुरते सुटले तरी डोके धडावर चिकटविल्यासारखे दिसते. चांगला स्प्राइटकार म्हणूनच अवयव मोजीत बसत नाही. तो प्रथम विचारतो की हे दोन प्राणी कोणत्या एका गोष्टीत सगोत्र आहेत.

क्युबोन आणि कंगासखान यांचे उदाहरण पाहावे. क्युबोन हे पोरके पिलू आपल्या मृत आईची कवटी डोक्यावर घालून हिंडते. कंगासखान ही पोटच्या पिशवीत पिलू बाळगणारी माता. या दोघांत काही नाते असावे असा तर्क चाहत्यांत फार दिवस चालत आला आहे, आणि त्यांचा संयोग करताना जो कलावंत केवळ शेपटी व शिंगे यांची सरमिसळ करील त्याचे चित्र फुकट गेले असे समजावे. जो आईच्या पिशवीतल्या पिलाच्या डोक्यावर ती कवटी ठेवील, किंवा कवटी घातलेल्या आईच्या पिशवीकडे आपली नजर वळवील, त्याने एका चौकटीत मातृवियोगाची सबंध कथा सांगितली. हेच मी वर म्हटलेले सूत्र. मूळ खेळाच्या चित्रकारांनी, म्हणजे केन सुगिमोरी, पिकाचूची निर्माती आत्सुको निशिदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, प्रत्येक प्राण्यास एकच ठळक कल्पना दिली होती. दोन कल्पना जोडताना तिसरी सापडली नाही, तर हाती उरतो तो केवळ गोंगाट, आणि सत्य सांगावयाचे तर लक्षावधी शक्य संयोगांपैकी बहुतेकांत गोंगाटच आहे. चाहत्यांनी अभिमानाने सांगितलेल्या मोठमोठ्या संख्यांवर म्हणून माझा भर नाही. एक कंगासखान एक लाख यादृच्छिक जुळण्यांहून भारी आहे.

सूत्राचा हाच नियम चित्राकडून खेळण्याच्या रीतीकडे आला, आणि येथे हा प्रकार मला विशेष समृद्ध वाटतो. पोकेमॉनमध्ये एका वेळी सहा प्राणी जवळ बाळगता येतात. संयोगाच्या खेळात या सहांसाठी आधीच एक विषय ठरवून, त्या विषयात बसतील तेवढेच जीव घडवावयाचे, असा परिपाठ पुष्कळ खेळाडू पाळतात. कोणी समुद्रतळ घेतो, कोणी बाग, कोणी स्मशान. मला स्वतःला सिनाबार बेटावरील पडक्या वाड्याचा विषय सर्वांत आवडतो. मूळ खेळात त्या वाड्यात म्यूटू या मानवनिर्मित प्राण्याच्या जन्माची रोजनिशी सापडते, आणि अवतीभवती विषारी धूर सोडणारे कोफिंग, गाळाचे ग्राइमर, आगीचे पोनिटा व मॅगमार असे जीव वावरतात. बेटावरच एक प्रयोगशाळा मृत जीवाश्मांना सजीव करून देते. फसलेल्या विज्ञानाचे हे ठिकाण संयोगाच्या खेळास इतके अनुरूप आहे की, मूळ रचनाकारांनी ते जणू त्यासाठीच राखून ठेवले असावे असे वाटते.

मात्र विषय ठरला की अडचणी सुरू होतात, आणि त्या अडचणींतच खेळाचा आनंद आहे. पोनिटाचे डोके व ग्राइमरचे धड जोडल्यास फायर आणि पॉयझन असा प्राणी होतो. हे दोन्ही प्रकार ग्राउंडच्या आघाताने दुप्पट जखमी होतात, म्हणून त्या प्राण्यास ती जखम चौपट होते, आणि मूळ कथानकात कान्तोचा आठवा व अखेरचा जिम लीडर जिओव्हानी हा नेमका ग्राउंडचाच उपासक आहे. आता काय तजवीज करावी? ग्राइमरच्या जागी कोफिंग घ्यावा, आणि जन्मजात क्षमता निवडताना कोफिंगची अधांतरी तरंगण्याची क्षमता राखावी, म्हणजे जमिनीवरून येणारा आघात त्याला लागतच नाही. वाड्याचे सूत्र सुटले नाही, धुराचा घोडा अधिकच भयप्रद झाला, आणि जिओव्हानीचे सर्वांत मोठे शस्त्र निकामी ठरले. केवळ बलिष्ठ प्राणी गोळा करणाऱ्यास हा विचार करण्याचे कारणच पडत नाही. विषयाचे बंधन स्वीकारणारास तो पदोपदी करावा लागतो, आणि वृत्तबद्ध रचना करणाऱ्या कवीस जे शब्द एरव्ही सुचले नसते ते वृत्तामुळे सुचतात, तसे त्याला प्राणी सुचत जातात.

याच्याही पुढची पायरी म्हणजे ‘नझलॉक’. २०१० साली एका चाहत्याच्या चित्रकथेतून प्रसृत झालेले हे नियम कडक आहेत: प्रत्येक प्रदेशात प्रथम भेटेल तोच प्राणी पकडावयाचा, त्यास नाव द्यावयाचे, आणि तो लढाईत मूर्च्छित झाला की मेला असे मानून त्याला सोडून द्यावयाचे. संयोगाच्या खेळात हे नियम लावले तर एका पराभवात दोन जीव जातात. आपल्या दोन उत्तम प्राण्यांचे बळ एकवटावे, की दोघांना निरनिराळे ठेवून जोखीम वाटून घ्यावी, हा निर्णय येथे खरोखर जड होतो, आणि मूळ खेळात असा जड निर्णय क्वचितच घ्यावा लागतो.

दोषही सांगितले पाहिजेत. कान्तोचे कथानक ज्याने दहा वेळा पाहिले आहे त्याला येथेही तेच पाहावे लागते, आणि नव्या प्रसंगांची भर काही ठिकाणी सुरेख असली तरी पात्रांचे संवाद प्राण्यांच्या नवेपणास पुरे पडत नाहीत. बळाचा तोल ढळलेला आहे; काही संयोग इतके प्रबळ की लढाई उरतच नाही. जोडनावे यंत्राने बनविल्यामुळे पुष्कळदा उच्चारासही कठीण होतात. ‘पोकेमॉन रिबॉर्न’सारख्या दुसऱ्या चाहता-खेळांनी रणभूमीच्या स्वरूपाप्रमाणे विद्यांचे परिणाम बदलण्याची जी खोल योजना केली, तिच्याशी तुलना करता ‘इन्फिनिट फ्यूजन’ची रणनीती उथळ वाटते. पण दहा वर्षे जो खेळ विनामूल्य मिळतो आहे, आणि सतत सुधारत आहे, त्याच्या या उणिवा त्याच्या कर्तृत्वास बाधक नाहीत असे माझे स्पष्ट मत आहे.

आता हक्काचा प्रश्न. कायद्याच्या दृष्टीने पाहता पात्रे, नावे आणि चित्रे यांची मालकी निन्टेन्डो व तिच्या संबंधित कंपन्यांकडे आहे, आणि त्यांनी ती अनेकदा बजावलीही आहे. नऊ वर्षे खपून केलेला ‘पोकेमॉन युरेनियम’ ऑगस्ट २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, काही दिवसांत त्याच्या पंधरा लाखांवर प्रती उतरविल्या गेल्या, आणि नोटिशी आल्यावर निर्मात्यांनी तो स्वतःच मागे घेतला. त्याच वर्षी डिसेंबरात ‘पोकेमॉन प्रिझम’ प्रकाशनाच्या उंबरठ्यावर असताना त्याला मनाईपत्र मिळाले. २०१८ मध्ये ‘पोकेमॉन एसेन्शियल्स’ या पायाभूत संचावरच गदा आली, आणि असंख्य अपूर्ण खेळांचे निर्माते एका दिवसात निराधार झाले. आपल्याकडील १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५२ वे कलम खाजगी उपयोग, टीका आणि परीक्षण यांसाठी न्याय्य व्यवहाराची मुभा देते, पण रूपांतराचा अधिकार तो कायदा मूळ मालकाकडेच ठेवतो. म्हणजे भारतातील चाहत्याची स्थितीही फारशी निराळी नाही.

आणि भारतातील, विशेषतः मराठी घरांतील चाहत्याचा या प्रश्नाशी थेट संबंध आहे. २००३ पासून कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन पाहून वाढलेल्या पिढीला मूळ खेळ खेळावयाची इच्छा होती, परंतु निन्टेन्डोची यंत्रे आपल्या दुकानांत सहजासहजी मिळत नसत आणि मिळाली तरी मध्यमवर्गीय खिशास झेपत नसत. घरच्या साध्या संगणकावर चालणारे चाहत्यांचे विनामूल्य खेळ हेच त्यांतल्या पुष्कळांचे त्या जगाशी झालेले पहिले प्रत्यक्ष मीलन होय. ज्या ग्राहकापर्यंत मालक पोहोचलाच नाही, त्या ग्राहकाला आपला करून ठेवण्याचे काम या खेळांनी केले, ही वस्तुस्थिती मालकाच्या हिशेबात जमेच्या बाजूस धरली गेली पाहिजे.

जपानात याविषयी एक जुनी वहिवाट आहे. चाहत्यांनी स्वखर्चाने छापलेल्या दोजिन्शी १९७५ पासून टोकियोच्या कॉमिकेटमध्ये उघडपणे विकल्या जातात. मालक पाहून न पाहिल्यासारखे करतात, आणि उद्याचे व्यावसायिक चित्रकार तेथेच तयार होतात. मात्र ही मेहेरनजर आहे, सनद नव्हे. १९९९ साली पोकेमॉनवर आक्षेपार्ह दोजिन्शी काढणाऱ्या एका चित्रकर्तीस अटक झाली होती, आणि मेहेरनजर कोणत्या क्षणी काढून घेतली जाईल याचा भरवसा नाही हे तेव्हा सर्वांना कळले.

येथे एका गोष्टीचा मुद्दाम उल्लेख करतो. आज पोकेमॉन रचणारी ‘गेम फ्रीक’ ही कंपनी १९८९ मध्ये स्थापन झाली, परंतु ते नाव त्याहून जुने आहे: १९८३ मध्ये तरुण ताजिरी यांनी दुसऱ्यांच्या खेळांविषयी स्वहस्ते लिहून काढलेल्या एका चाहता-पत्रिकेचे ते नाव होते, आणि सुगिमोरी त्या पत्रिकेचे वाचक म्हणून येऊन तिचे चित्रकार झाले. दुसऱ्याच्या कृतीवरील प्रेमातून ज्यांची स्वतःची कृती जन्मास आली, त्यांच्याच कृतीवर प्रेम करणाऱ्यांना मनाईपत्रे जावीत, यात अन्याय आहे असे मला मनापासून वाटते, मग ती पत्रे कायद्याच्या दृष्टीने कितीही निर्दोष असोत.

दुसरा मार्ग नाही असे नाही. सेगा कंपनीने २०१७ चा ‘सॉनिक मेनिया’ हा खेळ चाहता-खेळांतून पुढे आलेल्या क्रिश्चियन व्हाइटहेड व त्यांच्या सहकाऱ्यांकडूनच करवून घेतला, आणि त्या मालिकेतील उत्कृष्ट खेळांत आज त्याची गणना होते. उलट बाजूने, ज्यांना परक्या मालकीच्या जमिनीवर बांधावयाचे नाही त्यांनी आपली जमीन घेतली: इंग्लंडमधील ‘बिटन स्टुडिओ’ या दोघांच्या लहानशा संस्थेने एप्रिल २०२३ मध्ये ‘कॅसेट बीस्ट्स’ प्रसिद्ध केला, त्यात ध्वनिफितीवर राक्षस टिपून त्यांचे रूप घेता येते, आणि कोणत्याही दोन रूपांचा संयोग होऊन चौदा हजारांहून अधिक जुळण्या निघतात. तेथे संयोग खेळाडू आणि त्याचा सोबती यांच्यात, लढाईपुरता होतो, व त्यांच्यातील स्नेहाशी तो निगडित आहे. संयोगाला भावनेचे कारण देणारी ही कल्पना मला अधिकृत पोकेमॉनमध्येही कोठे आढळली नाही. तरी ‘कॅसेट बीस्ट्स’ने ‘इन्फिनिट फ्यूजन’ची जागा घेतलेली नाही आणि घेणारही नाही, कारण पंचवीस वर्षे उराशी बाळगलेले क्युबोन आणि कंगासखान तेथे नाहीत, आणि परक्या दोन राक्षसांच्या मिलनात ती जुनी ओळख नसते. चाहत्याच्या संयोगाचे सगळे बळ त्या ओळखीत आहे. म्हणून ‘स्वतःचे काहीतरी नवे करा’ हा उपदेश, कितीही सद्हेतूने केलेला असो, प्रश्नाला भिडत नाही.

माझा निर्णय असा की, जो चाहता-खेळ विनामूल्य दिला जातो, जो आपण अधिकृत असल्याचा बहाणा करीत नाही, आणि ज्यात मूळ कृतीचे नुसते पुनर्मुद्रण नसून तिच्यावर नवा विचार केलेला आहे, त्यास लेखी, स्पष्ट आणि सहज रद्द न होणारा परवाना मालकांनी द्यावा. अटी हव्या तितक्या कडक ठेवाव्यात, पण त्या आगाऊ जाहीर असाव्यात, म्हणजे नऊ वर्षांची मेहनत एका सकाळी जप्त होणार नाही. तोवर खेळणाऱ्यांनी आपल्याकडून तीन गोष्टी कराव्यात अशी माझी कळकळीची विनंती आहे: शक्य असेल त्याने मूळ खेळ विकत घेऊन खेळावा, चाहता-खेळाच्या नावावर कोणी पैसे मागत असेल तर त्याला एक पैही देऊ नये, आणि आपल्या सहा जोडप्राण्यांचे चित्र कोणाला दाखविताना त्याखाली स्प्राइट काढणाऱ्याचे नाव न विसरता लिहावे.